दुसऱ्या डावाचं माप

फुटलेला बँड पुन्हा एकत्र येऊन नवा अल्बम काढतो, तेव्हा समीक्षकांच्या कानात जुना अल्बम आधीपासूनच वाजत असतो. 'पिक्सीज', 'डायनोसॉर ज्युनिअर' आणि 'स्लोडाइव्ह' या तीन बँडच्या वाट्याला आलेला न्याय मात्र तीन तऱ्हांचा होता.

'पिक्सीज' हा बँड १९८६ साली बॉस्टनमध्ये सुरू झाला. गायक-गिटारवादक ब्लॅक फ्रान्सिस, गिटारवर जोई सँटियागो, बेसवर किम डील आणि ड्रम्सवर डेव्हिड लव्हरिंग. १९९१ पर्यंत त्यांनी चार पूर्ण अल्बम काढले आणि १९९३ मध्ये बँड फुटला. विक्री बेताचीच होती, प्रभाव मात्र प्रचंड. कडवं दबक्या आवाजात म्हणायचं आणि धृपदाला सगळी वाद्यं एकदम अंगावर सोडायची, ही त्यांची रीत. 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' रचताना आपण पिक्सीजचीच नक्कल करू पाहत होतो, हे 'निर्वाणा'च्या कर्ट कोबेननं १९९४ साली छापून आलेल्या मुलाखतीत मोकळेपणानं सांगितलं. १९९९ मध्ये 'फाइट क्लब' या चित्रपटाच्या शेवटी पिक्सीजचं गाणं वाजलं आणि त्यांना कधीही प्रत्यक्ष न ऐकलेली पिढीही त्यांची चाहती झाली.

२००४ मध्ये चौघं पुन्हा एकत्र आले. पुढची काही वर्षं गर्दी खेचत मुख्यतः जुनीच गाणी वाजवली. नव्या अल्बमचं काम सुरू झालं ते २०१२ मध्ये, वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत. ध्वनिमुद्रण अर्ध्यावर असताना किम डील बाहेर पडली. उरलेल्या तिघांनी काम पुरं केलं, सप्टेंबर २०१३ पासून चार-चार गाण्यांचे तीन संच काढले आणि एप्रिल २०१४ मध्ये ते एकत्र करून 'इंडी सिंडी' हा अल्बम आणला. आधीच्या अल्बमला जवळपास २३ वर्षं झाली होती. पहिल्याच संचाला 'पिचफोर्क' या संगीतविषयक संकेतस्थळानं १० पैकी १ गुण दिला. अल्बमबद्दलची मतं दुभंगली. काहींना त्यातली सुरावट आणि निर्माता गिल नॉर्टनचं टापटीप काम आवडलं. अनेकांना मात्र त्यात कुठल्याही सराईत रॉक बँडचा आवाज ऐकू आला, पिक्सीजचा नाही.

नेमकं काय हरवलं?

हे समजून घ्यायला 'गिगँटिक' हे १९८८ मधलं गाणं ऐकावं. सुरुवातीला फक्त डीलचा बेस वाजतो. मोजके स्वर, कुठलीही घाई नाही. मग ड्रम्स येतात, मग तिचा साधा, निर्व्याज आवाज, आणि धृपदाला गिटारी उसळतात. पिक्सीजच्या अनेक गाण्यांत फ्रान्सिस किंचाळतो. डीलचा आवाज त्या किंचाळण्याला ठेहराव देतो. एक जण भडकतो आणि दुसरी शांत राहते, या ताणावरच ते संगीत उभं होतं.

'इंडी सिंडी'त तो ताण नाही. 'बॅगबॉय' या गाण्यातला मागचा आवाज डीलचाच, असं पहिल्यांदा ऐकताना कित्येकांना वाटलं. तो होता जेरेमी डब्ज या दुसऱ्याच गायकाचा. बँडला स्वतःलाच डीलचा आवाज हवासा वाटत होता, याचा याहून मोठा पुरावा नको. इथे समीक्षकांची तक्रार खरी होती. पण त्यांच्यातल्या अनेकांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर आलेल्या माणसांकडून त्यांच्या विशीतल्या 'डूलिटल' या अल्बमची अपेक्षा केली. ही अपेक्षा अन्यायाची होती, कारण ती पुरी करणं कुणालाच शक्य नव्हतं.

जिथे जमलं

'डायनोसॉर ज्युनिअर'ची गोष्ट शेजारी ठेवली की फरक कळतो. मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅमहर्स्टचे जे मॅस्किस, लू बार्लो आणि मर्फ यांनी १९८०च्या दशकात तीन अल्बम केले. १९८९ मध्ये मॅस्किसनं बार्लोला काढून टाकलं, आणि ती कटुता वर्षानुवर्षं टिकली. २००५ मध्ये तिघं परत आले आणि २००७ मध्ये 'बियाँड' निघाला. पहिल्याच गाण्यात प्रस्तावना न करता मॅस्किसची गिटार थेट सुटते. बार्लोनं स्वतःची दोन गाणीही दिली. ज्यांच्यात भांडण झालं होतं, ती माणसं एकाच खोलीत होती आणि ते ऐकू येत होतं. समीक्षकांनी मनापासून दाद दिली.

'स्लोडाइव्ह'च्या बाबतीत तर समीक्षेलाच आपलं मत बदलावं लागलं. इंग्लंडमधल्या रेडिंगच्या या बँडची १९९०च्या दशकात ब्रिटिश संगीत साप्ताहिकांनी रेवडी उडवली. १९९५ मध्ये 'पिग्मेलियन' आला आणि लगोलग 'क्रिएशन' या रेकॉर्ड कंपनीनं त्यांना नारळ दिला. धुक्यासारख्या पसरणाऱ्या त्यांच्या गिटारींना तेव्हा गाजणाऱ्या ब्रिटपॉपच्या गलबल्यात जागाच नव्हती. पण पुढच्या पिढीनं त्यांचा 'सुव्हलाकी' हा जुना अल्बम शोधून काढून ऐकला. २०१४ मध्ये बँड परतला आणि २०१७ मधल्या 'स्लोडाइव्ह' अल्बमचं भरभरून कौतुक झालं. २०२३ मधला पुढचा अल्बम तर ब्रिटनच्या अल्बमविक्रीच्या यादीत पहिल्या दहात गेला. तरुणपणी जे त्यांना कधीच मिळालं नव्हतं, ते असं मिळालं. त्यांच्या डोक्यावर जुन्या कीर्तीचं ओझं नव्हतं. उलट एक जुना अन्याय दुरुस्त होत होता.

म्हणून अशा अल्बमवरचं परीक्षण वाचताना एक गोष्ट तपासावी: समीक्षक समोरच्या गाण्यांबद्दल लिहितो आहे, की स्वतःच्या आठवणींबद्दल? किम डील नसल्यानं आवाजात काय बदललं, हे सांगणं ही समीक्षा झाली. 'हे पूर्वीसारखं नाही' एवढंच म्हणणं ही हळहळ झाली. हळहळ खोटी नसते, पण तिच्या आधारे गुण देता येत नाहीत.

आठवणींपेक्षा समोरची गाणी मोजावीत, असं आकडेही सांगतात. फुटण्याआधी पिक्सीजनं चार पूर्ण अल्बम काढले होते. परतल्यानंतर २०२४ पर्यंत पाच. 'डायनोसॉर ज्युनिअर'च्या मूळ तिघांचेही पूर्वीचे तीन आणि परतल्यानंतरचे पाच. या कलावंतांचा दुसरा डाव पहिल्यापेक्षा लांबला आहे. त्याला आता शेपूट म्हणून चालणार नाही. तो एक स्वतंत्र कालखंड आहे. त्यात चढ आहेत, उतार आहेत, आणि त्याचा निवाडा त्यातल्याच गाण्यांवरून व्हायला हवा.