जुन्या सायकलीचा जीर्णोद्धार

अडगळींतून जुनी सायकल बाहेर निघाली म्हणजे बहुतेकांच्या मनांत पहिला विचार येतो तो नव्या रंगाचा, आणि दुसरा अधिक गिअरांचा. थोडक्या खर्चांत ती पुन्हां रस्त्यावर आणावयाची असेल तर हे दोन्ही विचार अगदीं शेवटीं करावे. पैसा प्रथम खर्च व्हावा तो सायकल थांबविण्याच्या सोयीवर.

येथें सायकल म्हणजे पुण्यामुंबईंत एके काळीं घरोघर दिसणारी, सळ्यांच्या ब्रेकची काळी भारदस्त सायकल नव्हे. १९७० च्या सुमारास इंग्लंडांत तयार झालेली, वांकड्या हँडलाची, हलकी, शर्यतीच्या घाटाची सायकल अभिप्रेत आहे. तिच्या सांगाड्यावर ‘रेनॉल्ड्स ५३१’ अशी चिठ्ठी असेल तर ती सहसा टाकूं नये. बर्मिंगहॅमच्या या कारखान्यानें १९३५ मध्यें बाजारांत आणलेल्या ह्या पोलादी नळ्या पुढें कित्येक दशकें उत्तमोत्तम सायकलींस वापरल्या गेल्या.

परंतु नुसत्या चिठ्ठीवर भुलूं नये. हँडलाच्या सांध्यापासून पेडलांकडे उतरणाऱ्या तिरप्या नळीच्या खालच्या अंगानें बोट फिरवावें. सांध्याजवळ फुगवटा किंवा सुरकुती हाताला लागली, तर सायकल कधीं तरी समोरून आपटलेली आहे असें समजावें. मग एक सुतळी घेऊन ती मागच्या चाकाच्या एका खाचेला बांधावी, हँडलाच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणावी, आणि सीटखालच्या उभ्या नळीपासून ती दोहों बाजूंस किती दूर राहते तें पट्टीनें मोजावें. अंतरें सारखीं आलीं तर सांगाडा सरळ आहे. इतकी सोपी परीक्षा न करतां लोक आधीं नवें सामान खरेदी करतात, याचें नवल वाटतें.

आतां ब्रेक. त्या काळच्या पुष्कळ सायकलींच्या रिमा मुलामा दिलेल्या पोलादाच्या असत. दिसावयास त्या झकपक. पण पावसानें भिजल्या कीं ब्रेकचें रबर त्यांच्यावरून नुसतें घसरतें, आणि जेथें थांबावयाचें त्याच्या पुष्कळ पुढें सायकल जाते. उतारावर, चौकाच्या तोंडाशीं याचा परिणाम काय होईल हें सांगावयास नको. अ‍ॅल्युमिनियमच्या रिमा ओल्या असतांही बऱ्याच चांगल्या धरतात. म्हणून चाकें बदलणें हीच खरी सुधारणा होय.

मात्र तेथें मापाची मेख आहे. जुनें चाक २७ इंची. त्याचा टायर बसण्याचा व्यास ६३० मिलिमीटर. हल्लींच्या ‘७००-सी’ चाकाचा व्यास ६२२. म्हणजे ब्रेकचें रबर ४ मिलिमीटर खालीं सरकलें पाहिजे. ब्रेकच्या खाचेंत तेवढी जागा आहे कीं नाहीं, हें चाक विकत घेण्यापूर्वीं पाहावें. मागच्या खाचांमधील अंतर जुन्या सायकलींत बहुधा १२० किंवा १२६ मिलिमीटर असतें, पुढच्या काळांतील चाकांना १३० लागतें. पोलादी सांगाडा जाणत्या कारागिराकडून थोडा फांकवितां येतो. अ‍ॅल्युमिनियमचा कधींही फांकवूं नये. पांच-सहा दात्यांच्या चक्रांच्या जुन्या फ्रीव्हीलवर समाधान मानलें तर हा खटाटोपच नको.

पेडलांचा आंस उघडतांना उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, हें इंग्रजी सायकलीच्या बाबतींत विसरूं नये. जोर लावून सुलट फिरविणारे ते अधिकच आंवळतात. नॉटिंगहॅमच्या रॅलेनें तर पुष्कळ सायकलींत इंचाला २४ ऐवजीं २६ आटे पाडले, त्यामुळें सामान्य दुकानांतील भाग तेथें बसत नाहीं. छर्रे व ग्रीस स्वस्त आहेत. ते जुने ठेवूं नयेत.

साखळीची परीक्षा पट्टीनें होते. नव्या साखळीच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. सोळांश इंच वाढ दिसली तर साखळी बदलावी. अष्टमांश दिसली तर मागचीं चक्रेंही बहुधा झिजलेलीं निघतात, आणि नव्या साखळीला तीं नीट दाद देत नाहींत.

एवढें झाल्यावर आठ-दहा मैल फिरून यावें. ब्रेकच्या नव्या तारा तोंपर्यंत सैल पडलेल्या असतात. त्या पुन्हां ताणून, पेडलांच्या दांड्यांचे नट एकदां आंवळून मगच गर्दीच्या रस्त्यावर जावें.