अमेरिकेतलं पहिलं सत्र

ज्या घरातून यंदा एखादा मुलगा किंवा मुलगी अमेरिकेला शिकायला निघायची आहे, त्या घरात सध्या काय चाललं असेल हे मी न बघताही सांगू शकेन. बॅग वजनकाट्यावर चढते नि उतरते. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला यांच्या पुड्या आत जातात, बाहेर येतात, पुन्हा आत जातात. वडील कर्जाचे कागद तिसऱ्यांदा चाळत बसलेले. आणि ज्याला जायचं आहे तो मात्र विमान कुठे बदलायचं या विचारात. खरी परीक्षा विमानात नसते. ती पहिल्या सोळा-सतरा आठवड्यांच्या सत्रात असते. त्या सत्राविषयीच चार गोष्टी तुम्हांला सांगायच्या आहेत.

मी ज्या गावी शिकलो ते अर्बाना-शँपेन, शिकागोच्या दक्षिणेला सुमारे २२० किलोमीटरवर. सिनेमातली अमेरिका मनात धरून गेलेला माणूस इथे उतरला की गोंधळतो. चहूकडे सपाट जमीन आणि मका, सोयाबीन. इलिनॉय विद्यापीठाच्या ऐन आवारात मोरो प्लॉट्स नावाचं मक्याचं शेत आहे. १८७६ पासून तिथे प्रयोग चालू आहेत. १९६९ मध्ये शेजारी ग्रंथालय बांधलं तेव्हा मक्यावर सावली पडू नये म्हणून ते जमिनीखाली बांधलं. अमेरिकेतली पुष्कळशी मोठी विद्यापीठं अशीच लहान गावांत आहेत. तेव्हा तुम्ही न्यूयॉर्कला नाही, एका शेतकरी मुलखात राहायला निघाला आहात, ही शक्यता आधीच मनात धरून ठेवा.

घर घेताना करारपत्र शांतपणे वाचा. ते बहुधा पुऱ्या वर्षाचं असतं, नि चौघांनी मिळून सही केली असेल तर एक जण सोडून गेल्यावर त्याचं भाडं उरलेल्या तिघांच्या गळ्यात पडू शकतं. राहायला गेल्या दिवशीच भिंती, गालिचा, शेगडी यांचे फोटो काढून ठेवा. अनामत रक्कम परत मागताना तेच तुमचे साक्षीदार. मी काढले नव्हते. गालिच्यावरच्या एका जुन्या डागाचे पैसे मी भरले, आणि तो डाग माझ्याहून वडील होता हे कुणाला पटवता आलं नाही.

स्वयंपाकघराचं म्हणाल तर इथून मिक्सर नेऊ नका. आपली वीज २३० व्होल्टची, तिथली १२०; मिक्सर फिरतो, पण खोबरं वाटण्याऐवजी नुसतं हलवत बसतो. कुकर न्या, मात्र शेजारच्यांना शिट्टीची कल्पना देऊन ठेवा. घरं लाकडाची, भिंती पातळ. आणि फोडणी घालताना खिडकी उघडी ठेवा. छतावर धूर ओळखणारं यंत्र असतं, त्याला मोहरी-मिरची आणि आग यांतला फरक कळत नाही. काही इमारतींत ते वाजलं की सगळ्यांनाच खाली उतरावं लागतं. थंडीच्या रात्री अख्खी इमारत आपल्या पिठल्यापायी रस्त्यावर उभी आहे, हा अनुभव न घेतलेलाच बरा.

थंडीचा कोट इथे घेऊ नका, तिथेच घ्या. आपल्याकडचं लोकरीचं सामान महाबळेश्वरला पुरतं. तिथे तापमान फॅरेनहाइटमध्ये सांगतात. ३२ म्हणजे पाणी गोठलं, आणि शून्य म्हणजे आपले उणे अठरा. वारा सुटला की आणखी बोचतं. एका जाड कपड्यापेक्षा एकावर एक तीन पातळ कपडे बरे, कारण वर्ग आतून चांगले उबदार असतात.

हे सगळं महिन्याभरात अंगवळणी पडतं. अभ्यासाचं तसं नाही, म्हणून तिथे जरा थांबतो.

पहिल्या तासाला प्राध्यापक एक कागद देतात, त्याला सिलॅबस म्हणतात. आपल्याकडे सिलॅबस म्हणजे नुसती धड्यांची यादी. तिथे तो जवळजवळ करारनामाच असतो: घरच्या अभ्यासाला इतके टक्के, सहामाहीला इतके, शेवटच्या परीक्षेला इतके, उशीर झाला तर इतके वजा. तिसऱ्या आठवड्यापासून गुण साठायला किंवा सांडायला लागतात. शेवटच्या महिन्यात कंबर कसून पास होण्याची आपली जुनी विद्या तिथे चालत नाही. कंबर कसेपर्यंत निम्मा निकाल लागलेला असतो. पदव्युत्तर वर्गांत साधारणपणे ४ पैकी ३ची सरासरी राखावी लागते. ती घसरली की ताकीद मिळते, आणि शिष्यवृत्ती वा साहाय्यकाची नोकरी असेल तर तीही धोक्यात येते.

त्याच कागदावर प्राध्यापकांच्या भेटीची वेळ लिहिलेली असते. त्या वेळात ते आपल्या खोलीत, दार उघडं ठेवून, विद्यार्थ्यांसाठीच बसलेले असतात. आपली मुलं जात नाहीत. ‘सरांना कसं विचारायचं? त्यांना वाटेल याला एवढंही येत नाही.’ मी स्वतः सहा आठवडे त्या दारावरून नुसता येरझारा घालत होतो. सातव्या आठवड्यात गेलो तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला, ‘इतके दिवस कुठे होतास?’ तिथे न विचारणाऱ्याला नम्र समजत नाहीत. त्याला रस नाही असं समजतात.

वर्गात बोलण्याचंही तेच. या संदर्भात मला नेहमी डॉ. आंबेडकर आठवतात. बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात त्यांनी भारतातल्या जातींविषयी निबंध वाचला. वय पंचवीस. विषय त्यांचा मुख्य अर्थशास्त्राचा नव्हे, पण सांगण्यासारखं होतं ते त्यांनी उभं राहून सांगितलं. तो निबंध पुढच्याच वर्षी छापून आला. चर्चावर्ग असतो तो यासाठी. आपलं इंग्रजी अडखळतं याची फार फिकीर करू नका. तुमच्या वर्गात चीन, इराण, ब्राझील इथून आलेलेही अडखळतच बोलत असतील.

आता थोडं अवघड बोलतो. माझ्या ओळखीचा एक मुलगा, दुसऱ्याच एका विद्यापीठातला. हुशार आणि भिडस्त. पहिल्याच सत्रात खोलीतल्या सोबत्याने रात्री बाराला विनवणी केली, म्हणून याने आपला सोडवलेला संगणकाचा प्रोग्राम त्याला दिला. सोबत्याने चार नावं बदलली नि तोच पाठवून दिला. असे प्रोग्राम एकमेकांशी ताडून पाहण्याचं काम तिथे संगणकच करतो. आठवड्याने दोघांनाही बोलावणं आलं. हा म्हणाला, ‘मी तर स्वतः सोडवला होता.’ पण नियमात घेणारा आणि देणारा दोघेही सारखेच दोषी. विषयात नापास, सरासरी खाली, साहाय्यकाची नोकरी गेली. आपल्या वसतिगृहात ज्याला आपण दोस्ती म्हणतो, त्याला तिथे चोरी म्हणतात. पुस्तकातलं वाक्य उल्लेखाशिवाय उचललं तर तेही त्याच सदरात जातं. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांचा आधार किती घ्यावा, हे प्रत्येक विषयाच्या सिलॅबसवर निरनिराळं असतं. ते वाचा, कळलं नाही तर लिहून विचारा.

त्या मुलाची गोष्ट तिथे संपत नाही. त्याने चार महिने घरी अवाक्षर काढलं नाही. दर रविवारी फोन, दर रविवारी ‘सगळं छान आहे’. घर गहाण ठेवून कर्ज काढलेलं, काय तोंडाने सांगणार? तो जेवेनासा झाला, दिवसा झोपू लागला. शेवटी वर्गातल्याच एका मुलीने त्याला हाताला धरून विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात नेलं. ‘असलं केंद्र वेड्यांसाठी असतं’ ही आपल्या डोक्यातली समजूत. प्रत्यक्षात तिथे अमेरिकन मुलंही जातात, अगदी परीक्षेच्या धास्तीपायीसुद्धा. मनात फारच काळोख दाटला तर ९८८ हा क्रमांक २०२२ पासून देशभर चालू आहे. अपघात, आग, हृदयविकार यांसाठी ९११. दोन्ही आकडे जाण्याआधीच पाठ करा. तो मुलगा वर्ष जास्त लावून पदवी घेऊन बाहेर पडला. घरी त्याने सांगितलं तेव्हा वडील काही वेळ गप्प होते, मग म्हणाले, ‘जेवलास का?’

पालकांनो, तुमच्यासाठी एवढंच, की फोनवर नुसते गुण विचारू नका. आज काय रांधलं, कोणाबरोबर जेवलास, हेही विचारा. त्या उत्तरांतून खरी बातमी कळते.

कायद्याच्या बाबी थोडक्यात. विद्यार्थी व्हिसावर दर सत्रात ठरलेले विषय पुरे घ्यावेच लागतात. एखादा विषय झेपेनासा वाटला तरी परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाला विचारल्याशिवाय सोडू नका. एका विषयापायी व्हिसाचा दर्जा जाऊ शकतो. सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. आवाराबाहेर, दुकानात किंवा हॉटेलात रोखीने केलेलं काम बेकायदा ठरतं, मग सांगणारा मित्र कितीही जवळचा असो. घर बदललं तर १० दिवसांत पत्ता कळवायचा असतो. हे नियम बदलत असतात, म्हणून सीनियरांच्या सांगण्यापेक्षा त्या कार्यालयाच्या सांगण्यावर चाला.

आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकून १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. त्यांच्या पत्राला घर गाठायला आठवडेच्या आठवडे लागत. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतलं, नि मावशीसारखी माया केली. तुमच्या खिशात फोन आहे हे खरं, पण अशी एखादी मावशी तुम्हांलाही शोधावी लागेल. ती मराठीच असेल असं नाही. माझी मावशी विद्यापीठाच्या बसवरची चालक होती. पहिल्या बर्फाच्या दिवशी माझे कॅन्व्हासचे बूट बघून तिने मला दुकानाच्या दारापाशीच उतरवलं.

आणि एक. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात. शँपेन नि पुणे यांच्यात उन्हाळ्यात साडेदहा तासांचं अंतर असतं, ते साडेअकराचं होतं. घरच्यांना आधी सांगून ठेवा. रविवारी सकाळी साडेसातला आई फोनपाशी बसेल तेव्हा तुमच्याकडे शनिवारच्या रात्रीचे नऊ नव्हे, आठ वाजलेले असतील.