वृषणाचा कर्करोग : तीच रक्ततपासणी पुन्हा पुन्हा का?

‘गाठ काढून झाली, अहवालही आला, मग तीच रक्ततपासणी पुन्हा कशासाठी?’ देयक हाती पडल्यावर नातेवाईक लेखा विभागात हा प्रश्न हटकून विचारतात. निर्धन रुग्णांच्या अशा तपासण्यांचा भार देणगीदारांच्या निधीवर पडत असल्याने त्याचे उत्तर येथे देणे उचित वाटते. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा. तपशील डॉक्टरांकडून समजून घेतलेला आहे.

वृषणाचा कर्करोग एकंदरीत विरळ; परंतु तो प्रामुख्याने १५ ते ३५ वर्षांच्या तरुणांना, म्हणजे घरच्या कर्त्या मुलांना गाठतो. यातील अनेक गाठींमुळे रक्तातील काही द्रव्यांचे प्रमाण वाढते. एएफपी, बीटा-एचसीजी व एलडीएच ही ती तीन. त्यांना ट्यूमर मार्कर म्हणतात. यांपैकी एचसीजी म्हणजे गर्भारपणाच्या चाचणीत शोधतात तेच संप्रेरक. मुलाच्या अहवालात ते पाहून कुटुंबीय चक्रावतात, पण ती प्रयोगशाळेची चूक नव्हे.

केवळ या आकड्यांवरून निदान होत नाही. यकृताच्या विकारातही एएफपी वाढते. उलट सेमिनोमा या प्रकारात बहुधा सारे आकडे सामान्य राहतात. म्हणून न दुखणारी गाठ हाताला लागली, तर रक्ताचा अहवाल चांगला आहे एवढ्यावर स्वस्थ बसू नये; सोनोग्राफी आवश्यकच. संशय बळावल्यास जांघेतून शस्त्रक्रिया करून वृषण काढले जाते व गाठीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी होते.

मार्करचा मोठा उपयोग यानंतर सुरू होतो. रोग संपूर्ण निघाला असेल, तर रक्तातील एएफपी दर ५ ते ७ दिवसांनी आणि एचसीजी साधारण दर दीड दिवसाने निम्मे होत जाते. घट मंदावली वा आकडा चढू लागला, तर रोग शरीरात अन्यत्र उरल्याची शंका येते. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर आरंभीची शिल्लकच नोंदलेली नसेल, तर पुढील नोंदी कशाशी ताडाव्यात? म्हणून पहिला नमुना शस्त्रक्रियेपूर्वीच घेतला पाहिजे. घाईने शस्त्रक्रिया उरकून येणाऱ्यांच्या कागदपत्रांत नेमका तोच नसतो.

रोग पसरला तरी आशा संपत नाही. १९७४ मध्ये अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिसप्लॅटिनयुक्त उपचार सुरू केले. तेव्हापासून पसरलेल्या अवस्थेतील बहुसंख्य रुग्णही बरे होऊ लागले. मात्र रोग उलटल्यास तो वेळीच कळावा लागतो आणि पहिल्या दोन वर्षांत ही शक्यता सर्वाधिक असते. बरे वाटते म्हणून, किंवा पैशांअभावी, रुग्ण नेमका याच काळात येईनासा होतो. शुल्काची अडचण असल्यास तपासणी न टाळता नातेवाइकांनी शिधापत्रिकेसह समाजसेवा विभागात भेटावे.