विश्लेषण : ना ठेका, ना शब्द, ना शेवट… तरीही ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ आजही का ऐकला जातो?

‘विंडोज ९५’चा संगणक सुरू झाल्यावर वाजणारी काही सेकंदांची धून अनेकांना आठवत असेल. ती रचली होती ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांनी. मायक्रोसॉफ्टला जेमतेम सव्वातीन सेकंदांची धून हवी होती आणि त्यासाठी ईनो यांनी ८४ नमुने तयार केले होते. मात्र संगीताच्या इतिहासात त्यांचे नाव पक्के झाले ते त्याच्या बरेच आधी. १९७८ मध्ये तयार झालेल्या ‘ॲम्बियंट १ : म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ या अल्बममुळे. २०१६ मध्ये ‘पिचफोर्क’ या संगीतविषयक संकेतस्थळाने ५० सर्वोत्तम ॲम्बियंट अल्बमची यादी केली, तेव्हा पहिला क्रमांक याच अल्बमला मिळाला. ज्यात जवळपास काहीच ‘घडत’ नाही, अशा या अल्बमचे आकर्षण नेमके कशात आहे?

अल्बममध्ये काय आहे?

सुमारे पाऊण तासाच्या या अल्बममध्ये फक्त चार रचना आहेत. त्यांना नावेही नाहीत. १/१, २/१, १/२ आणि २/२ एवढेच. पहिला आकडा रचनेचा क्रमांक, दुसरा आकडा तबकडीच्या बाजूचा.

पहिली रचना सर्वांत मोठी, सुमारे १७ मिनिटांची. त्यात पियानोचे मोजके सूर पुन:पुन्हा येत राहतात. हा पियानो वाजवला आहे रॉबर्ट वायट यांनी. ध्वनिमुद्रित तुकड्याचा वेग ईनो यांनी निम्मा केला. टेपचा वेग निम्मा झाला की सूर पूर्ण एक सप्तक खाली उतरतो आणि पियानोच्या पट्टीवर बोट पडतानाचा टोकदार आघात बोथट होतो. म्हणूनच हा पियानो ओळखीचा वाटतो, पण थोडा दूरवरून, पाण्याखालून आल्यासारखा.

दुसऱ्या रचनेत फक्त माणसांचे आवाज आहेत, तेही शब्दांविना. तिसरीत आवाज आणि पियानो एकत्र येतात. चौथी रचना संपूर्णपणे ‘एआरपी २६००’ या सिंथेसायझरवर आहे. ड्रम कुठेच नाहीत. धृपद नाही, कडवे नाही, आणि ‘आता गाणे संपणार’ अशी चाहूल देणारा शेवटही नाही.

विमानतळच का?

ईनो १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘रॉक्सी म्युझिक’ या गाजलेल्या बँडमध्ये होते. १९७३ मध्ये ते बाहेर पडले. पुढे डेव्हिड बोवी यांच्यासोबत केलेले काम आणि ‘यू२’च्या अल्बमची निर्मिती यामुळे ते जगभर ओळखले गेले. विशेष म्हणजे ते स्वत:ला वादक म्हणवून घेत नाहीत. स्टुडिओ आणि टेप रेकॉर्डर हीच त्यांची वाद्ये.

जर्मनीतील कोलोन-बॉन विमानतळावर काही तास थांबावे लागले असताना त्यांना या अल्बमची कल्पना सुचली. इमारत देखणी होती, पण तिथे वाजणारे संगीत त्या जागेशी अजिबात जुळत नव्हते. विमानतळासाठी संगीत करायचेच तर ते कसे असावे, याचा त्यांनी एखाद्या अभियंत्यासारखा विचार केला. ते मध्येच थांबवता आले पाहिजे, कारण उद्घोषणा होतच राहणार. माणसे बोलतात त्या स्वरपट्ट्यात त्याने अडथळा आणता कामा नये. त्याची लयही बोलण्याच्या लयीपेक्षा वेगळी हवी. आणि ट्रॉल्यांचा खडखडाट, मुलांचे रडणे, विमानांची घरघर हे सारे त्यात सामावले गेले पाहिजे.

शेवटची अट मात्र तांत्रिक नव्हती. विमानात बसणाऱ्या माणसाच्या मनात कुठेतरी मृत्यूचा विचार असतोच, असे ईनो यांचे म्हणणे होते. विमानतळावरचे गोडगोड, उत्साही संगीत ही भीती अस्तित्वातच नाही असे भासवते आणि त्यामुळे अस्वस्थता उलट वाढते. त्यांना हवे होते असे संगीत, जे ती भीती नाकारणार नाही. तर आपण या अफाट जगातला एक छोटासा भाग आहोत आणि त्यात घाबरण्यासारखे फार काही नाही, असे हलकेच सुचवेल.

‘ॲम्बियंट’ आणि ‘पार्श्वसंगीत’ यांत फरक काय?

दुकाने, लिफ्ट, कार्यालये यांत मंद संगीत वाजवण्याची पद्धत ईनो यांच्या कितीतरी आधीची. अमेरिकेतील ‘मुझॅक’ या कंपनीने १९३० च्या दशकापासून त्याचा मोठा व्यवसाय उभा केला. कामगारांची मरगळ घालवण्यासाठी ही कंपनी १५-१५ मिनिटांचे संच तयार करत असे. प्रत्येक संचात गाण्यांचा जोम हळूहळू वाढत जाई, त्यानंतर काही काळ शांतता. उद्देश स्पष्ट होता. कामाचा वेग पडू द्यायचा नाही.

ईनो यांनी अल्बमसोबत सप्टेंबर १९७८ ची तारीख असलेले एक टिपण छापले. ‘ॲम्बियंट’ म्हणजे सभोवतालचे संगीत ही संज्ञा त्यांनी त्यात मांडली. त्यांचा मुद्दा असा : मुझॅकसारखे संगीत प्रत्येक जागेवर एकसारखा रंग फासते आणि शंका, अनिश्चितता पुसून टाकते. ॲम्बियंट संगीताने जागेचे वेगळेपण आणि मनातली अनिश्चितता दोन्ही तशीच राहू द्यावीत. ऐकणाऱ्याने पूर्ण लक्ष दिले तरी ते पुरून उरावे, आणि लक्ष नाही दिले तरी त्याने तक्रार करू नये.

या कल्पनेलाही पूर्वज आहेत. फ्रेंच संगीतकार एरिक साती यांनी १९१७ मध्येच ‘फर्निचर संगीत’ ही कल्पना मांडली होती. खोलीत खुर्ची-टेबल असते तसे संगीत असावे, त्याच्याकडे कुणी मुद्दाम पाहत बसू नये, असा तिचा अर्थ.

अंथरुणावरचा धडा

ईनो स्वत: या मुद्द्यापर्यंत कसे आले, त्याचा किस्सा ते अनेकदा सांगतात. १९७५ च्या जानेवारीत लंडनमध्ये त्यांना टॅक्सीची धडक बसली आणि ते काही काळ अंथरुणाला खिळले. भेटायला आलेल्या मैत्रिणीने अठराव्या शतकातील हार्प संगीताची तबकडी आणली होती. ती गेल्यावर त्यांनी कशीबशी तबकडी लावली. पण आवाज अगदीच कमी होता आणि स्टिरिओची एक बाजू बंद होती. उठून तो वाढवण्याचे त्राण नव्हते. बाहेर पाऊस पडत होता. पावसाच्या आवाजातून हार्पचे एखाद-दुसरे सूर तेवढे कानावर येत राहिले.

संगीत असेही ऐकता येते, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आले. प्रकाश किंवा पाऊस जसा सभोवताली असतो, तसे. त्याच वर्षी त्यांचा ‘डिस्क्रीट म्युझिक’ हा अल्बम आला. ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ ही त्याची पुढची पायरी.

तीन टेप आणि लसावि

अल्बम कंटाळवाणा का होत नाही, याचे उत्तर शाळेतल्या गणितात सापडते.

दुसऱ्या रचनेत तीन गायिका आणि ईनो यांनी एकेक लांब सूर गायला आहे. प्रत्येक सुराच्या टेपची दोन टोके एकमेकांना चिकटवून तिचे वेटोळे, म्हणजे ‘लूप’ तयार करण्यात आले. कोलोनजवळच्या कॉनी प्लँक यांच्या स्टुडिओत या लांबलचक टेप ॲल्युमिनियमच्या खुर्च्यांच्या पायांभोवतून फिरवाव्या लागल्या. सेकंदाला ३८ सेंटिमीटर हा स्टुडिओत रूढ असलेला वेग धरला, तर साडेतेवीस सेकंदांच्या लूपसाठी जवळपास नऊ मीटर टेप लागते.

खरी गंमत लांबीत आहे. १९९६ मधील एका व्याख्यानात ईनो यांनी तीन लूपचे आकडे सांगितले होते. एक साडेतेवीस सेकंदांनी परत येतो, दुसरा २५.८७५ सेकंदांनी आणि तिसरा २९.९३७५ सेकंदांनी.

समजा, तीन घंटा आहेत. एक दर २ सेकंदांनी वाजते, दुसरी दर ३ आणि तिसरी दर ५ सेकंदांनी. तिन्ही एकत्र सुरू केल्या, तर पुन्हा एकाच क्षणी त्या ३० सेकंदांनी वाजतील. हाच लघुत्तम साधारण विभाज्य, म्हणजे लसावि. ईनो यांच्या तीन आकड्यांचा लसावि काढला, तर तो २३ लाख ३० हजार सेकंदांहून अधिक येतो. म्हणजे जवळपास २७ दिवस. तोवर हे तीन सूर सुरुवातीच्या स्थितीत एकदाही परत येणार नाहीत. कधी दोन सूर एकमेकांवर पडतील, कधी तिन्ही लांब लांब राहतील, कधी मध्ये बराच वेळ शांतता असेल.

अल्बमवर आपण ऐकतो ती त्या सुमारे ३८ हजार ८०० मिनिटांतील जेमतेम नऊ मिनिटे. सूर तेच असल्याने मनाला ओळखीचा आधार मिळतो. पण पुढचा सूर नेमका कधी येईल, याचा अंदाज बांधता येत नाही. समुद्राच्या लाटा किंवा पागोळ्यांचे थेंब ऐकताना कंटाळा येत नाही, त्याचेही कारण काहीसे हेच.

संगीतकाराने प्रत्येक सूर ठरवायचा नाही, फक्त नियम ठरवायचा आणि रचना आपोआप घडू द्यायची, या पद्धतीला ईनो यांनी पुढे ‘जनरेटिव्ह म्युझिक’ म्हटले. स्टीव्ह राइश या अमेरिकी संगीतकाराचे १९६५ मधील टेपचे प्रयोग ही आपली प्रेरणा असल्याचे ते सांगतात.

तानपुऱ्याशी साम्य आहे का?

मराठी श्रोत्याला हा अल्बम ऐकताना तानपुरा आठवणे स्वाभाविक आहे. तानपुराही लक्ष मागत नाही, तो वातावरण तयार करतो. त्याच्या तारा त्याच क्रमाने छेडल्या जातात, तरी त्यातून उमटणारे उपस्वर सतत बदलत राहतात.

पण फरकही मोठा आहे. तानपुरा कुणासाठी तरी असतो. गायक त्याच्यावर राग उभा करतो, आलाप वाढत जातो, लय चढते. ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’मध्ये पुढे येऊन गाणारे कुणीच नाही. मैफलीतली गायकाची जागा येथे रिकामीच ठेवलेली आहे. ती ऐकणाऱ्याच्या विचारांसाठी आहे, असे म्हणता येईल.

खरोखर विमानतळावर वाजला का?

हो. न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळावरील मरिन एअर टर्मिनलमध्ये १९८० च्या दशकात काही काळ तो वाजवण्यात आला. १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्याच ‘बँग ऑन अ कॅन’ या वाद्यवृंदाने त्याची प्रत्यक्ष वाद्यांवरची आवृत्ती प्रसिद्ध केली. टेपच्या वेटोळ्यांनी जे आपोआप केले, ते माणसांनी स्वरलिपी वाचून वाजवले. ईनो यांनी या मालिकेत आणखी तीन अल्बम आणले आणि १९८२ मधील ‘ॲम्बियंट ४ : ऑन लँड’वर ती थांबली.

मोबाइलच्या काळात त्याचे काय?

ईनो यांची कल्पना आज खिशात आली आहे. २००८ मध्ये पीटर चिल्व्हर्स यांच्यासोबत त्यांनी आयफोनसाठी ‘ब्लूम’ हे ॲप आणले. स्क्रीनवर बोट टेकवले की सूर उमटतो आणि त्यातून रचना घडत जाते. २०२४ मध्ये आलेला ‘ईनो’ हा माहितीपटही याच तत्त्वावर आहे; प्रत्येक प्रदर्शनात सॉफ्टवेअर त्याची वेगळी मांडणी करते.

दुसरीकडे, अभ्यासासाठी, झोपेसाठी, कामात एकाग्रतेसाठी अशा नावांच्या प्लेलिस्ट स्ट्रीमिंग सेवांवर तासन्‌तास वाजत असतात. त्यातील बरेचसे संगीत वरवर ईनो यांच्यासारखेच भासते. अमेरिकी पत्रकार लिझ पेली यांनी २०२५ मधील ‘मूड मशीन’ या पुस्तकात स्पॉटिफायवरील अशा ‘मूड’ संगीताच्या अर्थकारणावर टीका केली आहे. कुणाचे संगीत आहे हे न पाहता ते नुसते वाजत राहावे, अशी सवय श्रोत्याला लागते, हा टीकेचा एक मुद्दा.

इथेच खरा प्रश्न आहे. ॲम्बियंट संगीत मुझॅकला उत्तर म्हणून जन्मले. तेच आता कामाचा वेग आणि झोपेचे तास सांभाळणारे नवे मुझॅक होत आहे का? दोन्ही मंद, दोन्ही शब्दहीन. त्यामुळे पहिल्या मिनिटात फरक कळत नाही. तो कळतो लक्ष देऊन ऐकल्यावर. भरीव काम नसलेली धून लक्ष दिले की उघडी पडते. ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ लक्ष देणाऱ्याला दर वेळी काहीतरी नवे दाखवतो, आणि त्यातली किंचित उदास छटा कुठेही लपवत नाही.

स्पॉटिफायवर गाणे किमान ३० सेकंद वाजले तरच ते ‘ऐकले’ म्हणून मोजले जाते. त्यामुळे सुरुवातीलाच श्रोत्याला पकडून ठेवण्याची धडपड असते. या अल्बमच्या पहिल्या ३० सेकंदांत पियानोच्या मोजक्या सुरांखेरीज काहीही होत नाही. त्याच्या चाहत्यांना तेच हवे असते.

कसा ऐकावा?

हेडफोन आणि मोठा आवाज यांची गरज नाही. खोलीतल्या पंख्याच्या, रस्त्यावरच्या रहदारीच्या आवाजात मिसळेल इतपत आवाज पुरे. रचनाच मुळी त्यासाठी केली आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने १७ मिनिटांच्या ‘१/१’ऐवजी माणसांच्या आवाजांची ‘२/१’ आधी लावून पाहावी. आपले काम करत राहावे आणि मध्येच एखादा सूर आला की थबकावे. सगळे सूर पुन्हा सुरुवातीसारखे जुळून येण्याची वाट मात्र पाहू नये. त्याला २७ दिवस लागतील.