टँपा उपसागराचे पाणी आणि तीरावरील नगरपालिका

सागरी गवत हे नाव आपल्याकडे फारसे परिचयाचे नाही. उथळ, स्वच्छ खाऱ्या पाण्याच्या तळाशी ते रुजते. मासळीची पिले त्याच्याच आडोशाने वाढतात. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या पश्चिम किनाऱ्यावरील टँपा उपसागरात १९५० च्या सुमारास हे गवत अंदाजे ४०,००० एकरांवर पसरलेले होते. १९८२ मध्ये ते २२,००० एकरांहूनही कमी उरले.

ऱ्हासाचे प्रमुख कारण सांडपाणी. तीरावरील शहरे झपाट्याने वाढली आणि त्यांचे अर्धवट शुद्ध केलेले मैलापाणी उपसागरात सोडले जाऊ लागले. त्यातील नत्र म्हणजे पाण्यातील सूक्ष्म शेवाळास आयते खतच. शेवाळ माजले की पाणी गढूळते व तळाशी सूर्यप्रकाश पोहोचत नाही. पृष्ठभागावरील प्रकाशाचा निदान एक पंचमांश तरी या गवतास मिळावा लागतो. एरवी ते मरते. मात्र प्रश्नाची दखल घेतली गेली ती किनाऱ्यावर कुजणाऱ्या शेवाळाच्या दुर्गंधीमुळे. गवताच्या नावाने तक्रार करणारे थोडेच असतात!

१९७२ मध्ये राज्याने कायदा करून या उपसागरात सोडावयाच्या मैलापाण्यावर प्रगत प्रक्रिया बंधनकारक केली. त्यानुसार टँपा शहराचे नत्र काढून टाकणारे केंद्र १९७९ मध्ये कार्यान्वित झाले. शेजारच्या सेंट पीटर्सबर्गने निराळा मार्ग पत्करला. शुद्ध केलेले पाणी उपसागरात न सोडता १९७७ पासून ते स्वतंत्र नळांनी बागा, मैदाने व घरांपुढील हिरवळींना पुरविण्यात येऊ लागले. टाकाऊ पाण्यास गिऱ्हाईक मिळवून देणारी ही योजना विशेष लक्षणीय वाटते.

तथापि, पावसाबरोबर रस्ते व हिरवळींवरून वाहून येणाऱ्या नत्रास कोणतेही केंद्र अडवू शकत नाही. म्हणून १९९६ मध्ये काउंटी, नगरपालिका व कारखानदार एकत्र आले. १९९२ ते १९९४ या काळातील नत्राच्या प्रमाणापुढे जावयाचे नाही, असे त्यांनी ठरविले. लोकसंख्यावाढीमुळे दरवर्षी सुमारे १७ टनांची भर पडणार होती. तेवढी कपात करण्यासाठी प्रत्येक संस्थेने आपापली कामे अंगावर घेतली.

२०१४ च्या पाहणीत गवत पुन्हा ४०,००० एकरांवर गेले. हे यश टिकले मात्र नाही. २०२२ मध्ये क्षेत्र सुमारे ३०,००० एकरांवर घसरले. २०२१ मध्ये पायनी पॉइंट येथील बंद पडलेल्या खत कारखान्याच्या तलावांतून सुमारे २१.५ कोटी गॅलन दूषित पाणी उपसागरात सोडावे लागले होते. सर्व दोष त्या घटनेच्या माथी मारणे सोपे. परंतु उपसागराच्या उत्तर भागातील घसरण त्यापूर्वीच सुरू झालेली होती. पिनेलस काउंटीत २०१० पासून १ जून ते ३० सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत हिरवळीस नत्रयुक्त खत घालण्यास बंदी आहे. गवताची मोजणी दर दोन वर्षांनी विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवरून होते.