रिक्षातला चार्जर का जळतो?

आमच्या ओळखीच्या एका कारागिराने रिक्षासाठी मोबाईल चार्जर बनवले. निम्मा माल जळून परत आला. डबी उघडून पाहिली तर आत ७८०५ आयसी. स्वस्त खरा, पण हिशेब पाहा. बॅटरी १२ व्होल्टची, मोबाईलला हवेत ५. एक अँपिअर घेतला की मोबाईलला ५ वॅट मिळतात आणि ७ वॅट नुसते तापण्यात जातात. इंजिन चालू असताना बॅटरी १४ व्होल्टपर्यंत चढते, तेव्हा ९. बंद प्लास्टिकच्या डबीत ही उष्णता जाणार कुठे?

इथे एलएम २५९६ सारखा स्विचिंग आयसीच हवा. कॉइलचा खर्च वाढतो, पण उष्णता बरीच कमी होते. मात्र डायोड शॉटकीच घ्या. ४००७ तिथे फार संथ पडतो. नेमकी तिथेच आपले लोक काटकसर करतात! कारागिराने नवे वीस नग असे बनवायला घेतले आहेत.