मोह परत येतो, म्हणून श्रद्धा खोटी ठरत नाही

एकच मोह वर्षानुवर्षे छळत राहिला की श्रद्धावान ख्रिस्ती माणूस स्वतःच्या श्रद्धेवरच शंका घेऊ लागतो. प्रार्थना झाली, उपास झाले, पश्चात्तापही मनापासून केला. तरी दारूची, वासनेची किंवा सूडाची ओढ परत आलीच, तेव्हा देवाने आपल्याला टाकले असावे, असे त्याला वाटते. हा निष्कर्ष चुकीचा आहे आणि घातकही. पवित्र शास्त्राला तो मान्य नाही. लूककृत शुभवर्तमानात अरण्यातल्या परीक्षांनंतर सैतान येशूला सोडून जातो, पण पुढची संधी मिळेपर्यंतच. पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून प्रभूला तीनदा विनवले. काटा तसाच राहिला, तो सोसायला पुरेल इतकी कृपा मिळाली. तो काटा आजाराचा होता की मोहाचा, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण काटा राहिला म्हणजे देवाने पाठ फिरवली, असे पौलाने मानले नाही.

मोह परत परत आला तर काय करायचे, या प्रश्नाचा सर्वांत बारकाईने विचार झाला तो चौथ्या शतकात, इजिप्तच्या वाळवंटात. इव्हाग्रियस हा कॉन्स्टँटिनोपलमधला विद्वान डीकन. एका विवाहित स्त्रीवर मन जडले म्हणून त्याने ते शहर सोडले आणि पुढे तो नित्रियाच्या साधूंमध्ये जाऊन राहिला. शहर सुटले, मोह सुटला नाही. मग त्याने मनात येणाऱ्या विचारांवर पाळत ठेवली आणि खादाडपणापासून गर्वापर्यंत त्यांचे आठ प्रकार पाडले. पोप ग्रेगरी यांची सात पापांची यादी याच परंपरेतून आली. विचार मनात येणे आपल्या हाती नाही, त्याला मुक्काम करू द्यायचा की नाही हे आपल्या हाती आहे, असे इव्हाग्रियसचे म्हणणे. त्याच वाळवंटी परंपरेतली अम्मा सारा तेरा वर्षे कामवासनेशी झगडली. झगडा संपावा अशी प्रार्थना तिने कधी केली नाही. तिने फक्त बळ मागितले.

यावर कुणी म्हणेल, वासनेने पाहणे हाच व्यभिचार, असे येशूने सांगितले नाही का? सांगितले. पण ते वासना जोपासण्यासाठी रोखलेल्या नजरेविषयी. इच्छा गर्भ धरते तेव्हा पाप जन्मते, असा क्रम याकोबाच्या पत्रात आहे. म्हणजे ओढ आणि पाप यांच्यामध्ये जागा आहे, आणि माणसाची लढाई त्याच जागेत चालते. ही सवलत नव्हे. उलट, मोह येताच आपण हरलोच असे मानणारा माणूस लढणेच सोडून देतो.

माझ्या मते मोहाला खरे बळ मिळते ते लपवण्यातून. म्हणून वाळवंटातले साधू आपले विचार एखाद्या वडीलधाऱ्या अब्बाला, म्हणजे गुरूला, उघड सांगत. सांगितल्यावर अपमान झाला तर? ही भीती खोटी नाही, आणि या साधूंविषयी लिहिणाऱ्या योहान कॅसियनने ती झाकलेलीही नाही. त्याच्या ग्रंथातली हकिकत अशी: एका तरुण साधूने आपली वासना एका वृद्धाला सांगितली. वृद्धाने त्याला इतके झिडकारले की तो व्रत सोडून गावाकडे निघाला. वाटेत अब्बा अपोलो भेटले. या वयातही असेच विचार आपल्याला छळतात, असे सांगून त्यांनी त्याला परत पाठवले आणि देवाकडे मागणे केले की त्या तरुणाचा मोह आता त्या वृद्धाला व्हावा. थोड्याच वेळात वृद्ध वेड्यासारखा खोलीबाहेर धावत सुटला. मन उघड करणे बंद करा, असा अर्थ कॅसियन यातून काढत नाही. केस पिकलेत एवढ्यावरच कुणाला गुरू मानू नका, असे तो बजावतो.